बालकांचे येणे

राज्याच्या अंदाजपत्रकात तत्त्वज्ञान शोधावयास कोणी जात नाही, आणि ज्यांना ते वाचणे प्राप्तच असते ते विधिमंडळाचे सभासद व मंत्रालयातले कारकून तेथे रकाने, बेरजा आणि तळटीपा यांखेरीज दुसरे काही पाहण्याच्या मनःस्थितीत नसतात. तथापि ज्या ग्रंथात एक समग्र समाज आपण कोणाचे काय देणे लागतो हे दरसाल अंकांत लिहून ठेवतो, त्याला नीतिशास्त्राच्या कक्षेबाहेर ठेवणे कठीण आहे. संविधानाच्या २०२ व्या अनुच्छेदाने राज्याच्या खर्चाचे जे दोन वर्ग पाडले आहेत, त्यांच्या पोटात तर एक फार जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे. राज्यपालांचे वेतन, पीठासीन अधिकाऱ्यांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, न्यायालयाच्या हुकूमनाम्यान्वये द्यावयाच्या रकमा, आणि या सर्वांहून कितीतरी मोठी बाब म्हणजे सरकारने काढलेल्या कर्जाचे व्याज व मुद्दलाची फेड, हा खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो. सभागृहाने त्यावर वाटेल तितकी चर्चा करावी, पण तो मतास टाकला जात नाही. उरलेला सारा खर्च ‘दत्तमत’, म्हणजे त्याने ‘मागणी’ होऊन सभागृहापुढे उभे राहावयाचे आणि सभागृहाने ती मान्य करावी, तीत कपात सुचवावी, किंवा वेळ संपल्यामुळे चर्चेवाचूनच इतर मागण्यांच्या गठ्ठ्याबरोबर ती संमत करून टाकावी. प्राथमिक शाळा, अंगणवाडीतला आहार, निराधार मुलांचे बालगृह, मनोरुग्णालयातली खाट ही सर्व या दुसऱ्या वर्गात मोडतात. न्यायाधीशाचे स्वातंत्र्य आणि सरकारची पत ही दोन्ही बहुमताच्या लहरीपासून सुरक्षित राहावीत म्हणून ही योजना झाली, व राज्यशास्त्राच्या दृष्टीने ती सयुक्तिकच आहे. परंतु सावकाराचे येणे हे निर्विवाद ऋण आणि बालकाचे येणे हे विचारार्थ आलेले मागणे, ही विभागणी धर्मदृष्ट्या टिकते काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळापुढे जे अंदाजपत्रक आले, त्याचा एकूण आकार सुमारे ७ लाख कोटी रुपयांचा, त्यातील अंदाजित महसुली तूट ४५,८९१ कोटींची, आणि वर्षअखेर राज्याच्या डोक्यावर होणारे कर्ज ९ लाख कोटींच्या वर होते. या अंकांच्या राशीत महाराष्ट्रातले मूल कोठे आहे, असे विचारले तर उत्तर देणाऱ्याची मोठी पंचाईत होते. त्याचे डोके २२०२ या ‘सर्वसाधारण शिक्षण’ नावाच्या मुख्य लेखाशीर्षात आहे, शरीर २२१० या ‘वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’ शीर्षात, तोंडातला घास २२३६ या ‘पोषण’ शीर्षात, आणि आईबाप नसतील तर त्याचे उरलेसुरले अस्तित्व २२३५ या ‘सामाजिक सुरक्षा व कल्याण’ शीर्षात जमा होते. खाती निराळी, सचिव निराळे, मंत्री निराळे. भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाविषयी जो पेच घातला होता, की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय, तोच पेच वित्त विभागाने नकळत बालकाविषयी घातलेला आहे. फरक एवढाच की नागसेनाला ‘मी’पणाचा निरास करून मुक्तीचा मार्ग दाखवावयाचा होता आणि वित्त विभागाला तसा काही हेतू नाही. मनाला तर स्वतःचे मुख्य लेखाशीर्षच नाही. ते २२१० च्या उदरात कोठेतरी, इस्पितळे आणि लसी यांच्या शेजारी, एका उपशीर्षाखाली राहते.

ज्या भाषेत या तरतुदी जाहीर होतात ती भाषा मात्र मनोरंजक आहे. २०२३ सालचे राज्याचे अंदाजपत्रक ‘पंचामृत’ या रूपकावर उभारलेले होते. त्याच अंदाजपत्रकात घोषित झालेल्या ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबातील मुलीला जन्मल्यावर ५,००० रुपये, पुढे पहिली, सहावी व अकरावी या टप्प्यांवर काही हजार, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० अशी एकूण १,०१,००० रुपयांची तरतूद शासननिर्णयाने झाली. लाखावरचा तो एक हजार वित्तीय गणितातून आलेला नाही. आहेराच्या पाकिटात पूर्ण रकमेवर रुपया ठेवणाऱ्या हाताची ती सवय आहे, आणि त्या हातापाशी प्रेम असते हे कबूल केले पाहिजे. पण आहेर हा देणाऱ्याच्या इच्छेचा विषय असतो. तो दिला नाही तर रुसवा निघेल, फिर्याद दाखल होणार नाही.

दान देणारा राजा आमच्या परंपरेला अपरिचित नाही. बालक, वृद्ध, रोगी, आपद्ग्रस्त आणि अनाथ यांचे भरणपोषण राजाने करावे, असे कौटिल्याने जनपदनिवेशाच्या प्रकरणात सांगून ठेवलेच आहे. श्रावणमासी पुण्यात विद्वानांना वाटली जाणारी पेशवाईतली दक्षिणा ही तर अंदाजपत्रकातील शिक्षणखात्याची एक प्रकारची पूर्वजच म्हणावी लागेल. कारण इंग्रजी अंमल आल्यावर त्याच निधीतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि त्याचा काही हिस्सा मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावा म्हणून १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला तेव्हा शहरात एवढे वादळ उठले की अर्जदारांच्या पाठीशी उभे राहावयास जोतीराव फुल्यांना आपली माणसे जमवावी लागली. विद्येसाठी राजाने पैसा द्यावा याबद्दल त्या वादळात कोणाचाच मतभेद नव्हता. तो कोणाच्या विद्येसाठी द्यावा, एवढाच होता. दानाचा हा स्वभावच आहे. दाता पात्र निवडतो, पात्र कृतज्ञ राहते, आणि अपात्र ठरलेल्याला आपण का अपात्र ठरलो हे विचारण्याचा अधिकार उरत नाही.

याच्या उलट ऋणाची कल्पना. ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, ऋषींचे ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने व पितरांचे प्रजेने फेडतो, असे तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली. या कल्पनेकडे पाहण्याची आपली रीत बहुधा भाविक असते, त्यामुळे तिच्यातला हिशेब आपल्या ध्यानी येत नाही. ज्याच्याकडून घेतले त्याला परत करावयाचे, हा व्यवहारातल्या कर्जाचा नियम. येथे मात्र ऋषीकडून घेतलेले ऋषीला परत करता येत नाही, कारण तो गेला आहे, आणि बापाकडून घेतलेले बापाला परत केले असे कोणी म्हणाले तरी बालपणी मिळालेल्या संगोपनाची परतफेड म्हाताऱ्याला दिलेल्या अन्नवस्त्राने होत नाही. विद्या पुढच्याला दिली की ऋषीचे देणे फिटले, मूल वाढवले की पितरांचे फिटले. जुन्या पेढ्यांवर हुंडी चाले तेव्हा पैसा एका गावी एकाने घ्यावा आणि दुसऱ्या गावी दुसऱ्याच्या हाती द्यावा, अशीच रीत असे. हुंडी दर्शनी असली तर ती पुढे येताच सकारावी लागे, आणि ती घेऊन आलेल्याने आपल्याला पूर्वी काय दिले होते असे पेढीवाला विचारीत नसे. पूर्वजांनी आपल्यावर लिहिलेल्या हुंड्या घेऊन जी येतात ती मुले होत. त्यांनी आम्हांला काही दिलेले नाही हे खरे असूनही ती आमची धनको आहेत, आणि परंपरेच्या तर्कानेच आहेत.

एवढ्यावर थांबून परंपरेचा जयघोष करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरला पाहिजे, कारण ज्या वचनाचा आधार वर घेतला त्याच्या पहिल्याच शब्दात त्याची मर्यादा आहे. ऋषिऋण ज्याला लागू तो द्विज; विद्येचा अधिकार ज्यांना नाकारला त्या शूद्रांना आणि स्त्रियांना ते ऋणही नव्हते आणि त्यांच्या मुलांच्या हाती हुंडीही नव्हती. हा हिशेब पुरा करण्याचे काम वेदान्त्यांनी केले नाही. ते जोतीरावांनी केले, आणि धर्मवचनाच्या आधाराने न करता जमाखर्चाच्या आधाराने केले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांचा मुद्दा असा होता, की सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरी पडतो. म्हणून प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे. आता धनको कोण हे सांगण्यासाठी पितरांना साक्षीस बोलावण्याचीही गरज उरली नाही. शेतसाऱ्याची पावतीच पुरे झाली. माझ्या मते आमच्या अर्वाचीन धर्मविचारात याहून मोठे पाऊल क्वचितच पडले असेल, मग ते टाकणारा धर्मशास्त्राचा विरोधक का असेना.

पुढचा इतिहास परिचित आहे, आणि तो देणेकऱ्याने मुदत मागण्याचा इतिहास आहे. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले अत्यंत मवाळ विधेयक दुसऱ्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचा कायदा केला. संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घालून दिली, म्हणजे १९६० ची. ती टळली, आणि शिक्षण मूलभूत हक्क व्हावयास २००२ ची घटनादुरुस्ती व २०१० पासून अमलात आलेला कायदा यांची वाट पाहावी लागली. हक्क आल्यावरही फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, शासकीय अथवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना दुर्बल घटकांच्या पंचवीस टक्के जागांच्या बंधनातून मोकळे केले, आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला.

येथे धर्मकल्पनेचा एक असा दुरुपयोग नोंदवणे आवश्यक आहे, की जो शासकीय दफ्तरात इतका रुळला आहे की कोणाला खटकेनासा झाला आहे. वेतन घेऊन शिकवणारा अध्यापक, भृतकाध्यापक, याला मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले. विद्या विकू नये हा त्यामागचा भाव उदात्त होता. परिणाम मात्र असा झाला की विद्या ज्याच्या घरी दक्षिणा येत होती त्याच्याच घरात राहिली. सार्वत्रिक शिक्षणाचा सारा प्रपंच ज्याच्यावर उभा आहे तो पगारी शिक्षक, आणि पगारी असणे हाच त्याचा लोकशाही गुण आहे, कारण पगार घेणाऱ्याला समोर बसलेल्या मुलाची जात आणि ऐपत पाहण्याचे कारण राहत नाही. असे असता त्या जुन्या तिरस्काराचा उपयोग खजिन्याने आपल्या सोयीसाठी करून घेतला. २००० साली राज्यात शिक्षणसेवकाची योजना आली. नव्याने नेमलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधनावर ‘सेवा’ करावयाची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे हे मानधन ६,००० रुपयांवरून १६,००० व्हावयास २०२३ उजाडले. अंगणवाडी सेविकेची गोष्ट याहून तिखट आहे. १९७५ साली गांधीजयंतीला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचा सारा भार जिच्या खांद्यावर, जी गावातल्या प्रत्येक मुलाचे वजन करते, गरोदर बायांच्या नोंदी ठेवते आणि तीन वर्षांच्या पोराला पहिले गाणे शिकवते, तिचे महाराष्ट्रातले मानधन २०२३ च्या अंदाजपत्रकात ८,३२५ वरून १०,००० रुपये झाले. ती नोकर नाही, मानसेवी आहे, ही सरकारची भूमिका. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात सांगितले तेव्हा योजना सुरू होऊन शेहेचाळीस वर्षे होऊन गेली होती. सेवा हे व्रत आहे यात शंका नाही, पण व्रत घेण्याचा अधिकार घेणाऱ्याचा असतो. दुसऱ्याने ते आपल्यावर लादून त्याच्या जोरावर पैसे वाचवावेत, असे व्रत कोणत्याही कहाणीत ऐकिवात नाही.

ऋणाचा विचार निघालाच आहे तर त्याच्या दुसऱ्या टोकाकडेही पाहिले पाहिजे. आपण बालकांचे देणे लागतो हे एक. परंतु आपण त्यांच्या नावावर कर्जही काढीत आहोत. हिंदू धर्मशास्त्राने पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले, आणि आपल्या न्यायालयांनी हे तत्त्व २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीपर्यंत चालवले. पण त्या कर्तव्याला एक कठोर अपवाद होता: बापाने जुगारात हरलेले, दारूत घालवलेले, किंवा वृथा दानापायी केलेले कर्ज पुत्राला बाधत नाही, ते अव्यावहारिक ऋण. वृथा दान म्हणजे भाटांना, मल्लांना, खुशमस्कऱ्यांना दिलेले, असा टीकाकारांचा अर्थ आहे. राज्याच्या ९ लाख कोटींच्या कर्जातला कोणता भाग व्यावहारिक व कोणता अव्यावहारिक, हे ठरवणारा धर्माधिकारी आज नाही, आणि आजच्या पुत्राला तो अपवाद सांगून सुटताही येत नाही. धरण, पाटबंधारे, शाळेची इमारत यांसाठी काढलेले कर्ज त्याच्याही उपयोगी पडते, म्हणून ते त्याने फेडावे हे न्याय्य आहे. परंतु महसुली तूट याचा अर्थच असा, की चालू वर्षाच्या दैनंदिन खर्चासाठीसुद्धा आपण उसनवारी करीत आहोत आणि निवडणुकीच्या तोंडावर पोसलेल्या औदार्याचे बिल ज्यांना मत नाही त्यांच्याकडे पाठवीत आहोत. दुष्काळात होरपळल्यावर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, अशी कथा सांगतात. त्यांनी आपले येणे बुडवले आणि ऋणको मोकळे केले. देहूच्या वारसांनी जन्माला न आलेल्यांच्या नावे खते लिहावीत, हे काही त्या कथेचे अनुसरण नव्हे.

मात्र महसुली खर्च म्हटला की तो सारा उधळपट्टीचा, असे समजणाऱ्या हिशेबतपासनिसांच्या पंथाशीही माझे जमत नाही, आणि त्याचे कारण बालकाच्या प्रश्नाशीच निगडित आहे. लेखापद्धतीनुसार शाळेची भिंत हा भांडवली खर्च, कारण तिच्यातून मत्ता निर्माण होते. त्या भिंतीच्या आत चाळीस वर्षे शिकवणाऱ्या बाईंचा पगार हा महसुली खर्च, कारण त्यातून काहीही निर्माण होत नाही. उड्डाणपूल मत्ता आहे, समुपदेशकाच्या खोलीत रडून मोकळी झालेली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात परत आलेली मुलगी मत्ता नाही. तूट कमी करा म्हणून वरून हुकूम येतो तेव्हा पहिला हात रिक्त शिक्षकपदांवर पडतो, याचे कारण अधिकाऱ्यांच्या काठिन्यात शोधण्यापेक्षा या वर्गीकरणात शोधावे. माणसाच्या अंतःकरणात घडणारे टिकाऊ असते की नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी सहस्रावधी वर्षे वादग्रस्त ठेवला. महालेखापालांच्या नियमावलीने तो एका ओळीत निकालात काढला.

आता मनाकडे येऊ, कारण ऋणाचा सिद्धान्त सर्वांत अवघड परीक्षेला बसतो तो येथेच. शाळा मोजता येते, आहार तोलता येतो. मनाचे दुःख हे सरकारचे देणे कसे होईल? ते ज्याचे त्याचे प्रारब्ध, पूर्वकर्माचे फळ, असे मानणारा समाज त्यासाठी खजिना उघडण्यास नाखूष राहणार, यात नवल नाही. आणि या नाखुषीला आपल्या स्मृतींनी निष्ठुरतेची जोड दिली, कारण आत्मघात केलेल्याला तिलांजलीही देऊ नये असे त्या सांगतात. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेने तेच केले, फक्त परलोकाऐवजी तुरुंगाची भाषा वापरली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रथमच असे गृहीत धरले, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता आणि त्याची शुश्रूषा करणे हे सरकारचे काम आहे. शासकीय अथवा शासनपुरस्कृत सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्कही त्यात लिहिला गेला. स्मृतिकारांपेक्षा संसदेचे अंतःकरण येथे अधिक कोमल निघाले, हे मान्य करण्यात धर्मनिष्ठाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

कर्मवादाने वैद्याचे काम कधी बंद पडले नव्हते, हेही विसरता कामा नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत: मंत्र, उपवास, प्रायश्चित्त इत्यादी दैवव्यपाश्रय, आहार व औषधी द्रव्ये यांची योजना ते युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरणे तो सत्त्वावजय. तिन्ही एका पंक्तीत बसवली आहेत, कोणालाही उठवलेले नाही. पोराला ‘बाधा’ झाली म्हणून त्याला घेऊन गाणगापूरची वाट धरणाऱ्या आईला अडाणी ठरवणे सोपे आहे. परंतु तेथे तिला केसपेपर काढावा लागत नाही, महिन्यानंतरची तारीख मिळत नाही, आणि तिच्यासारख्याच दहा आया शेजारी बसलेल्या असतात, ही गोष्ट तिच्या दृष्टीने लहान नाही. अर्थात श्रद्धास्थानाच्या आश्रयाने काय होऊ शकते हे तमिळनाडूतील एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये दिसले: साखळीने बांधलेले रुग्ण आगीतून पळू शकले नाहीत. म्हणून दैवव्यपाश्रय हा राज्याचा प्रांत नव्हे, त्यावर देखरेख मात्र राज्याची हवी. राहिले दोन. युक्तिव्यपाश्रयाचा खर्च सरकारला समजतो, कारण गोळ्यांची खरेदी होते आणि खाटांची संख्या सांगता येते. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये याच समजुतीची स्मारके आहेत. वेड्याला समाजापासून दूर ठेवणे हा ज्या जुन्या कायद्यांचा मुख्य हेतू होता त्यांच्या छायेत ती वाढली. शाळकरी मुलाच्या दुःखाला त्या भिंतींचा उपयोग नाही आणि त्याने तेथे जाऊही नये.

या दुःखाचे परिमाण मात्र लहान नाही. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले, आणि त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेऊन, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असा निर्देश दिला. त्याआधी, ऑक्टोबर २०२२ पासून, मानसिक आधारासाठी १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालू आहे, आणि तो कोणालाही कोणत्याही वेळी विनामूल्य फिरवता येतो. ही सर्व सत्त्वावजयाकडे टाकलेली पावले आहेत. पण येथे चरकाचा तिसरा प्रकार अंदाजपत्रकाच्या पकडीतून निसटू लागतो. सत्त्वावजय विकत घेता येत नाही. त्यासाठी माणूस माणसाजवळ बसावा लागतो, आणि सरकारला फार तर त्या माणसाचे पद निर्माण करता येते. पदाला आकृतिबंध लागतो, आकृतिबंधाला वित्त विभागाची संमती, संमतीनंतर जाहिरात. मधल्या काळात ३१ मार्च येतो आणि न वापरलेली रक्कम व्यपगत होते. मुलाच्या मनात काय चालले आहे याला आर्थिक वर्ष नसते.

सरकारने माया करावी अशी अपेक्षा मी बाळगीत नाही, आणि जे सरकार माया करू लागते त्याची मला थोडी भीतीही वाटते. माया करणाऱ्यांना सवड मिळवून देणे एवढे मात्र त्याच्या हाती आहे. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांपलीकडे शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे शिक्षणहक्काचा कायदा सांगतो. तरी माहितीचे तक्ते भरण्यात आणि छायाचित्रे चढवण्यात शिक्षकाचा जो वेळ जातो, त्या वेळातच कदाचित शेवटच्या बाकावरचा मुलगा आठवडाभर बोललेला नाही हे त्याच्या ध्यानी आले असते. हा खर्च कोणत्याच शीर्षाखाली दिसत नाही.

संविधानाच्या त्याच २०२ व्या अनुच्छेदात अखेरचा एक उपखंड आहे, आणि त्याचा उपयोग कोणी फारसा मनावर घेतलेला नाही. राज्याच्या विधिमंडळाने कायद्याने घोषित केलेला कोणताही अन्य खर्च भारित होऊ शकतो. म्हणजे सहा वर्षांखालील मुलाचा आहार, कायद्याने ठरवलेले शिक्षक आणि शंभर वा अधिक मुलांच्या शाळेतला तो एक समुपदेशक, एवढ्यांचा खर्च व्याजाच्या शेजारी, मतदानाच्या पलीकडे नेऊन बसवण्यास राज्याचा कायदा पुरेसा आहे. यावर गंभीर आक्षेप आहेत. मतास न पडणारा खर्च वाढत गेला तर लोकप्रतिनिधींच्या हाती निर्णय उरणार नाही, आणि भारित झाल्याने रिकामे पद भरले जाईलच असेही नाही. सर्व शिक्षणखाते भारित करावे असे म्हणणे मला स्वतःला अविवेकाचे वाटते. एक गाभा तेवढा करावा, या मताकडे मी झुकतो. ही गोष्ट वाटते तितकी नवलाईची नाही. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची रक्कम भारितच असते, त्यामुळे ज्या मुलाच्या बापाला वकील करता आला आणि ज्याने सरकारविरुद्ध रकमेचा निवाडा मिळवला, त्याचे येणे आजही सभागृहाच्या मताची वाट पाहत नाही. उरलेल्यांचे येणे मागणी क्रमांकाखाली छापून येते, आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, वेळ उरला तर, त्यावर चर्चा होते.